शेकोटीपासून आधी कोण उठणार

प्रतीक्षा,

"तुमच्या घरात कुणाला झोपच येत न्हाई का?" काल शेकोटीपाशी तू आमच्या मल्लेशच्या कानात पुटपुटलीस, ते मला ऐकू आलं. घाबरू नको. त्याच वक्ताला दुसऱ्या बाजूनं तुझे मामा, आमचे हे, घोंगडीतून माझ्या कानात म्हणायलते, "सूनबाई कवा उठायची गं? पाठ आखडली माझी."

तू यायच्या आधी थंडीत आम्ही साडेसातला दाराला कडी लावायचो. शहरातली पोरगी, एवढ्या लवकर घर सामसूम झालं तर तिला करमायचं न्हाई, म्हणून लग्नापासून महिनाभर आम्ही बसून राहायलोय. अन् मोठ्यांच्या आधी सुनेनं कसं उठावं, म्हणून तू बसायलीस. मामा उगंच काड्या सारतेत, तू ओढणीआड जांभया देतीस. मल्लेश तर काल बसल्या जागी घोरला, पण उठला न्हाई.

तुला सकाळी सहाच्या बसनं शाळेत शिकवायला जायचं असतंय. फळ्याकडं तोंड करून पेंगत असशील, माय.

मी मुडबीला अक्काकडं चाललेय, दिवस मावळायच्या आत येते. दूध तापवून ठेव, भाकरी मी आल्यावर करते. शेकोटीला दोनच लाकडं काढ. मामा भिडेपोटी तिसरं मागतील, देऊ नको.

कुणीच बोलंना, तर आता मीच बोलते: मला सात वाजल्यापासून झोप येती गं.

तुझी आत्या