शेळीला करमत नाही

२० दै, १३४९ फसली. परभणी.
आजपासून तारीख सरकारी, महिनेही दै-बहमन असे सरकारी. शहरात राहायचं तर गावठी तिथ्या सोडल्या पाहिजेत. कापसाच्या जिनमध्ये काट्यावर कारकून म्हणून रुजू झालो. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली, खुर्चीवर बसून वजन लिहिणारा मी पहिलाच. निघताना मुंजाजीकाका पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मल्हारी आठ दिसांत पळून येतंय बगा." म्हणून निश्चय: हंगाम संपेपर्यंत गावाचं, झरीचं, नाव काढायचं नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो, पण नाही म्हणजे नाही.
मायनं चहाच्या दुधाला काबरी शेळी बरोबर दिली. माझं काय, मला कुठंही करमेल. मुक्या जनावराचं कठीण आहे.

२१ दै.
शेळी ओरडली. एकदाच, पण त्यात सगळं आलं. तिच्याजवळ जाऊन बसलो. घरमालकीण कस्तुराबाईंनी विचारलं, डोळे का लाल? धूर लागला म्हटलं. चूल पेटवायची राहिली होती हे नंतर लक्षात आलं.

२४ दै.
काबरीला अन्न गोड लागत नाही. स्वतःचा पाला, माझ्या दोन भाकरी आणि कस्तुराबाईंनी वाळत घातलेली मेथी, एवढंच खाल्लं. दुःखात काही जनावरं जास्त खातात. माझी भूक कमी झाली आहे ती इथल्या पाण्यामुळे.

२७ दै.
तब्येतीसाठी रोज संध्याकाळी फिरायचं ठरवलं. कुठल्याही दिशेला. आज काबरीला घेऊन जिंतूरच्या रस्त्यानं गेलो. उद्याही त्याच रस्त्यानं जाईन, कारण सावली आहे. झरी त्याच रस्त्यावर आहे, त्याला मी काय करणार? काबरीला मात्र माघारी वळायची घाई. दुखणं वाढलेलं दिसतं. नाक्यापर्यंत तिला उचलून न्यावं लागलं.

२ बहमन.
मुंजाजीकाका कापसाची गाडी घेऊन जिनवर आला. ताठ बसून वजन लिहिलं. त्याच्या घोंगडीला मेंढरांचा वास येत होता. वजन चुकलं. खोडलं, पुन्हा चुकलं.
"काय मल्हारी, करमायलंय का?"
"लय करमायलंय," म्हटलं. "शेळीला तेवढं करमत न्हाई. बाला सांगा, तिला गावी न्यायला पायजे."
ही योजना तिथल्या तिथं सुचली. चंपाषष्ठी तोंडावर आली आहे. शेळीबरोबर जबाबदार माणूस लागणारच. गाव म्हणेल, शेळीसाठी आला, पळून नाही आला. खंडोबाचं दर्शन, मायच्या हातचं भरीत-रोडगा, हे आपोआप होईल. योजनेत खोट नाही.

५ बहमन.
रजा मागितली. मुकादम यूसुफमियाँना सांगितलं, बकरी का दिल नै लगरा, गाँव को छोड़के आता हूँ. ते हसले, मग सगळं जिन हसलं. म्हणाले, "बकरी की छुट्टी मंजूर. तुम काटेपो बैठो."
हरकत नाही. न्यायला बा येईल. मला पाहून म्हणेल, चल. मी थोडे आढेवेढे घेईन. जास्त नाही. बापाची आज्ञा म्हटल्यावर मुकादमही काय करतील?

८ बहमन.
बा आला. पाणी प्याला, काबरीच्या पाठीवरून हात फिरवला. "लय गुबगुबीत झालीय की," म्हणाला. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी गाल आत ओढून उभा होतो. आता म्हणेल, आता म्हणेल. म्हणाला, "येतो मंग."
कस्तुराबाई शेळीच्या गळ्यात पडून रडल्या. मी नाक्यापर्यंत गेलो. बानं मागं वळून पाहिलं नाही. शेळी सारखी पाहत होती. तिला माझी माया आहे.

९ बहमन.
आता शांतता. शेळीची कटकट गेली, खोलीत ऐसपैस जागा झाली. चहा कोराच घेतला. दावं खुंट्याला तसंच आहे. मुद्दाम ठेवलेलं नाही, राहिलंय इतकंच.

चंपाषष्ठी. सरकारी तारीख पाहिली नाही.
जिन चालू. बाजारातून वांगं आणून भाजलं. करपलं. डोळ्यांना धूर लागला. या खेपेला चूल खरंच पेटली होती.

चंपाषष्ठीचा दुसरा दिवस.
दुपारी दारात बा. हातात दोरी, दोरीला काबरी. "हिला झरीत करमंना," म्हणाला. "खाईना, पिईना. सारखी परभणीच्या वाटंला लागायलीय." दोरी सुटताच काबरी माझ्या बाजूनं गेली ती थेट कस्तुराबाईंच्या ओट्यावर चढली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मायनं रोडगा आणि भरीत बांधून दिलं होतं. पहिला घास घेतला. रडू आलं. धूर कुठंच नव्हता. म्हटलं, "बा, मला करमत न्हाई."
"ठावं हाय. मुंजाजीनं निरोप सांगितला तवाच कळलं."
"मंग मला का न्हाई नेलंस?"
"निरोप शेळीचा व्हता. तुजा आला असता तर तुला नेलं असतं."
मग आता चलू का, म्हटलं.
"आता कशाला? सण झाला," बा म्हणाला आणि फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "शेळीला हितं करमतंय. तिच्यासंगं ऱ्हा."