मागची पावलं

१२ फेब्रुवारी
पोटात गाठ निघाली. अर्धं जठर काढायचं — ११ मार्चला, चंद्रपूरला. तोवर खाटेवर पडून राहणार होतो, पण डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास झपझप चाला, थोडा दम लागेल इतकं. चालून आलेल्या माणसाच्या छातीत ऑपरेशननंतर सहसा कफ साचत नाही, तो लवकर उठतो म्हणे. तीस वर्षं पायी डाक वाटली मी — आणि आता चालणं हेच औषध!

१४ फेब्रुवारी
गल्ली पाच मिनिटांत संपते. त्यात दर ओट्यावर कुणीतरी अडवतं — "मुखरूभाऊ, पोटात काय निघालं जी?" असं थांबत थांबत कसलं चालणं!
उरला नाल्याकडचा जंगलरस्ता. तिथंच रंभाला वाघानं नेलं. बायको गेल्यापासून, दोन वर्षांत, मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

१७ फेब्रुवारी
गेलो. उन्हं चांगली वर आल्यावर. स्वातीला सांगितलं, गल्लीतच फेऱ्या मारतो. आई गेली तो रस्ता पोरीला कसा सांगू?
सागाची पानं गळून पडली आहेत. माझ्या पायाखाली चुर्र. मागं, जरा दूर, पुन्हा चुर्र! मान वळवायची हिंमत झाली नाही.

२३ फेब्रुवारी
पावलं रोज येतात. मी थांबलो की थांबतात. वाघ असा रोज यायचा नाही. रंभाच आहे.
त्या दिवशीही ती मागंच होती, मोहाची टोपली घेऊन. आमच्याकडे जंगलात बाईमाणसाला मागं ठेवत नाहीत, वाघ मागच्यालाच उचलतो. पण माझी डाकवाल्याची चाल! "हळू चाला ना जी," म्हणाली. मी हसलो आणि पुढं गेलो. वळलो तेव्हा टोपली आडवी, मोहफुलं रस्ताभर.
मी मारलं तिला. हे आजवर कुणाला बोललो नाही.

२ मार्च
दम कमी लागतो. डॉक्टरांनी श्वास ओढायला दिलेल्या यंत्रातल्या तिन्ही गोळ्या एका श्वासात वर जातात. भीती वाटते, तरी पावलं आली नाहीत तर करमायचं नाही.

९ मार्च
उद्या चंद्रपूरला निघायचं. रस्त्यावर मोठ्यानं म्हणालो, रंभा, आज तू पुढं हो. पावलं थांबली. कुणी रडल्यासारखं वाटलं.

१४ मार्च
दवाखाना. टाके ओढतात. पण व्हरांड्यात दोन चकरा मारल्या! छाती साफ. शेजारच्या खाटेवरचा डोमा खोकून बेजार आहे. त्याला घरच्यांनी महिनाभर हलूच दिलं नव्हतं.
डॉक्टर खूश. म्हणाले, मुलीनं रोजचं लिहून आणलंय — नाल्यापर्यंत जाऊन-येऊन, किती मिनिटं लागली ते.
नाल्यापर्यंत?

१५ मार्च
स्वातीला विचारलं. खाली बघत म्हणाली, "मीच येत होती तुमच्या मागं, बाबा. वाघ मागच्यालेच नेते ना."
घरी जाताना ती पुढं चालेल.