तबकडीवरचा रविवारचा नंबर

१२ जानेवारी १९५७, जळगाव
आज जिंकलं! नाट्यगृह गच्च. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीची माणसं तारा पसरून बसलेली — गाणं, टाळ्या, सगळं जसंच्या तसं घ्यायला. आवाज म्हणाल तिकडे जात होता.
उद्या तेच गाणं पुन्हा. दोन्हींतलं सरस ते तबकडीवर. मशीनवाले म्हणाले, आजच्या गाण्याचा नंबर ४१, उद्याच्याचा ४२. वरच्या कागदावर काहीही छापलं, तरी नंबर तबकडीतच कोरलेला असतो. मी सांगून टाकलं — ४१ घ्या.

१३ जानेवारी, रविवार
शेवटच्या कडव्याला घसा धरला. मागे तंबोऱ्यावर बेबा, माझी धाकटी बहीण. तिने कडवं उचललं आणि एकटीने पार नेलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. काही बिघडलं नाही. ४१ आहेच.

२ मार्च, धुळे
बेबाला शिरपूरचं स्थळ. कपाशीची मोठी शेती. मुलाचे वडील तोताराम आबा म्हणाले, घरात गायली तर हरकत नाही, स्टेजवर नको. बेबा माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, हो म्हण.

१९ एप्रिल
तबकडी आली. रतिलालशेठच्या ग्रामोफोनच्या दुकानात लावली. कागदावर ठळक नाव — झुंबरबाई धुळेकर.
शेवटचं कडवं आलं. दारातला गाडीवान उखर्डू डोळे पुसत म्हणाला, "बाई, आठे तू बठ्ठासले रडाई दिधं." सगळ्यांना रडवलंस म्हणे.
ते कडवं माझं नव्हतं. तबकडी उजेडाला धरली. कागदाच्या कडेला कोरलेलं — ४२.

२० एप्रिल
आधी कंपनीवर चिडले. मग पुन्हा ऐकली. त्यांचं बरोबर आहे. मला गाणं कळतं, नाकारू कशी?
कंपनीला कळवलं, पुढच्या छपाईत बेबाचं नाव घाला. बेबा म्हणाली, घाल. मी म्हटलं, शिरपूरचं काय ते मी बघते. अशी किती माणसं वळवलीत मी!

६ जून
नव्या कागदावर दोघींची नावं. नंबर तोच.
तबकडी घेऊन शिरपूरला गेले. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "पोरीचा आवाज सोन्यासारखा आहे. पण माझी सून अशी दुकानादुकानांत वाजलेली नको."
मी तबकडी उचलली. चहाला थांबले नाही. बसमध्ये बेबाची समजूत घालायला शब्द जुळवत बसले. पोरगी खचेल.

९ जून
खचली नाही. म्हणाली, "अक्का, मला गायचंच आहे. पण तुझ्या मागे बसून नाही."
आज चाळीसगावला तिला मुंबईच्या गाडीत बसवून आले.