दिव्यांवर पास

ता. ३ मार्च ६७, दौंड
इन्व्हर्टर पाच दिव्यांवर तासभर चालला. मालक खूश. पान खाऊन माझ्या टेबलाशेजारीच थुंकले. शी.
म्हटलं, "मोटारीवर बघायचं राहिलंय." "शांताबाई, उजेड पडला ना? मग?"
हा ज्यांच्यासाठी बनवतोय, त्या शिरूरच्या डॉक्टरीणबाईंना उजेड नकोच आहे. ऑपरेशनमध्ये वीज गेली तर घशातलं रक्त ओढायची मोटार बॅटरीवर चालायला हवी.

६ मार्च
मालक पुण्याला. मिस्त्री रशीदमामांनी गुपचूप मोटार जोडली. सहा वेळा चालू केली, चार वेळा फट्! फ्यूज.
इन्व्हर्टरमधले दोन थायरिस्टर म्हणजे आळीपाळीनं चालणारे स्विच. चालू करायला टिचकी पुरते. बंद करायला कपॅसिटरचा उलटा झटका लागतो. मोटार सुरू होताना इतका करंट ओढते की झटका अपुरा. पहिला बंदच होत नाही, तोवर दुसरा चालू. बॅटरी शॉर्ट.
मामा : "दिवं काय, कुनीबी लावंल. मोटारीला दम लागतो, पोरी."
कपॅसिटर दुप्पट हवा. हिशोब तीनदा तपासला.

७ मार्च
मालकांना हिशोब दाखवला. बघितलासुद्धा नाही. "फ्यूज उडतो? जाड तार घाला."
घातली. मीच. आप्पांनी घरी शिकवलं, रेल्वेतली सगळी विद्या दिली, ती यासाठी? फ्यूज राहिला, थायरिस्टर जळाला. केस दोनदा धुतले, वास जात नाही.
"नवा टाका, दिव्यांवर पास करा."

८ मार्च
नवा थायरिस्टर बसवला. जाड तार काढून टाकली. टेस्टच्या कागदावर मालकांनी टाईप केलंय : 'सर्व भारांवर योग्य.' खाली माझी सही हवी. "बाईमाणसाची सही बघून डॉक्टरीणबाईंना बरं वाटेल."
किळस आली. त्यांची, आणि 'बरं' म्हणायला उघडलेल्या माझ्या तोंडाची.
जेवताना आप्पांना विचारलं, नोकरी जाईल का. "जाईल," म्हणाले, आणि ताक मागितलं.

९ मार्च, शिरूर
टाईप केलेलं खोडून 'फक्त दिव्यांवर योग्य' असं लिहिलं, सही केली. मालकांनी कागद खिशात घातला आणि दिवे लावून दाखवले. डॉक्टरीणबाई "वा!" म्हणाल्या. मग मी मोठ्यानं बोलले, "बाई, मोटारीवर थांबतो हा."
मालक हसले. "पोरगी नवीन आहे."
बाईंनी दोघांकडे बघितलं. "लावूनच बघू की."
मोटार आणायला माणूस गेलाय. व्हरांड्यात बसून लिहितेय. फ्यूज उडावा म्हणून प्रार्थना करतेय, असली प्रार्थना!
पण सहात दोनदा चाललाच होता. आज नेमका चालला, तर बाई तो ठेवून घेतील, आणि एखाद्या ऑपरेशनमध्ये... मोटार आली.