न उठलेला धागा

अड्याळ, मंगळवार, दिवेलागण

आज परत बाबांचा चहा बशीत सांडला. आई हल्ली त्यांचा कप अर्धाच भरते, तरी सांडतो. डॉक्टरांनी हात-तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूचं दुखणं सांगितलंय. आणि मी लहान मेंदूवरच पीएचडी करतेय, हे घरी आता सगळ्यांना आठवलंय.

"तू तेच शिकून राहिली ना? मंग सांग," बाबा म्हणाले.

थकले होते, पण बाबांच्या हातमागाचं उदाहरण सुचलं. म्हटलं, प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, तुमच्या ताण्यातल्या उभ्या धाग्यांसारखी. उठलेल्या धाग्यांवरून नक्षी ठरते, तसं कुठे कोणती जनुकं उठतात, म्हणजे कामाला लागतात, यावर लहान मेंदूचा तो भाग हात सावरणार की शब्द जुळवणार, हे ठरत असेल का? बाहेरून दिसणाऱ्या घड्यांवरून ते कळत नाही, म्हणून मी जनुकांत शोधते. स्वतःवर खूश झाले. कशाला झाले?

जन्मभर कोशाच्या रेशमी साड्या विणलेला माणूस. लगेच म्हणाला, "मंग माहा कोनता धागा उठून नाई राहिला?"

माझ्याकडचे नकाशे निरोगी मेंदूंचे. बाबांचा नाही. तसं सांगितलं.

ते माझ्याकडे वळले. मग हळूच, "तुह्या आंगात बी माहाच ताना ना?"

अर्धा तुमचा, म्हटलं.

त्यांनी आईला माझा कप काठोकाठ भरायला लावला. मी तो उचलला, प्यायले, खाली ठेवला. तोवर त्यांची नजर माझ्या हातावरून हलली नाही.

बशी कोरडी राहिली.

"बस, झालं," ते म्हणाले, आणि आपला अर्धा कप दोन्ही हातांनी धरला.