बोर्डावरची खूण

आई,

परवा ऑफिसात जे झालं ते तुला सांगायचं आहे, पण त्यासाठी आधी तुझ्या बोर्डाकडे जावं लागेल. तू विचारायचीस, "नेमकं काय करतीस गं तिथं?" आणि मी "कॉम्प्युटरचं" एवढंच म्हणायचे. तू मान हलवून पोळ्या लाटायला लागायचीस. तुला कळणार नाही असं मी धरून चालले होते. तुला सगळ्यात आधी कळलं असतं, हे आता, तू गेल्यावर, लक्षात येतंय.

खंडेनवमीला कंपनीत पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी सहावीत असेन. आपण दापोडीच्या स्टॉपवरून कंपनीच्या बसने चाकणला गेलो. तुझ्या लाइनवर सगळ्या बायकाच होत्या, आणि प्रत्येकीपुढे दारापेक्षा मोठी प्लायवुडची फळी तिरकी उभी होती. तिच्यावर गाडीच्या वायरिंगचं खऱ्या मापाचं ड्रॉइंग चिकटवलेलं, रेषांच्या कडेने खुंट्या ठोकलेल्या. तू झेंडूची माळ बाजूला सारून मला दाखवतेस, ही लाल तार इथून निघाली, या खुंटीवरून वळली, इथं तिला फांदी फुटली. मी विचारते, "लांबी कशी मोजतेस?" तू हसतेस. "मी कशाला मोजू? बोर्डच मोजतंय की. मी नुसतं त्याच्या मागं जायचं." मग दोन टाकाऊ कनेक्टर माझ्या हातात देतेस. एकाला दांडे, दुसऱ्याला भोकं. "बसव. टक् झालं का? डोळ्यानं बघू नको, कानानं ऐक. अन् मग वढून बघ." ती जोडी सुपरवायझरला विचारून तू मला दिलीस. माझ्या कंपासपेटीत ती दहावीपर्यंत होती.

पुढच्या वर्षी ते लॉटचं प्रकरण झालं. तुझ्या बोर्डावर एका फांदीचं माप दोन बोटं कमी होतं. तार ताणली जायची. तू मार्करने तिथं एक खूण केलीस आणि रोज त्या खुणेपर्यंत तार घेत राहिलीस. तुझं काम कधीच परत आलं नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही. मग बोर्डावर त्याच चुकीच्या मापाचं नवं ड्रॉइंग चिकटवलं गेलं. तू नेमकी त्या आठवड्यात मामाच्या लग्नाला गावी होतीस. खूण गेली, तुझ्या जागी दुसरी बाई उभी राहिली, आणि सगळा लॉट, म्हणजे त्या खेपेचा सगळा माल, परत आला. तू परत येऊन खुणेचं सांगितलंस तेव्हा सुपरवायझर ओरडला, "बाई, माहीत होतं तर बोलला का नाही?" तू म्हणालीस, "मला कुणी इचारलंच नाही."

घरी आल्यावर तू भाजी चिरायला बसलीस. चिरता चिरता मधेच म्हणालीस, "त्यानं इचारलं नाही ही त्याची चूक. मी बोलले नाही ही माझी." दुसऱ्या दिवशी तू, सातवी पास, ड्रॉइंगवाल्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलीस आणि त्यांना हाताला धरल्यासारखं बोर्डापाशी घेऊन आलीस. ड्रॉइंग बदललं. सगळ्या बोर्डांवर बदललं. त्या महिन्यात मी वहीतलं चुकलेलं उत्तर नुसतं खोडून बरोबर करत होते, तर तू माझ्या हातातलं पेन काढून घेतलंस. "आधी गणित कुठं चुकलं ते शोध. उत्तराला रंग लावू नको." मला तेव्हा फार राग आला होता.

आता माझं काम ऐक. चाकणच्या एका सीट बनवणाऱ्या कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. सीट भरलेली गाडी निघाली की त्यांच्या कॉम्प्युटरने मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या कॉम्प्युटरला कळवायचं, गाडीत काय आहे, कुठला लॉट. पलीकडून होकार आला तरच गेटवर गाडी आत घेतात. पूर्वी पाठवणाऱ्या बाजूचा कोड आम्ही लिहायचो आणि घेणाऱ्या बाजूचा त्या कारखान्याचे लोक, आणि दोन्हींची कधी गाठ पडायची नाही. आता दोन्ही बाजूंनी मिळून एकच फाइल ठेवली आहे. काय पाठवायचं, कुठल्या नावाने, ते अक्षर की आकडा, सगळं तिच्यात. त्या फाइलवरून एक टूल दोन्हीकडचा कोड आपोआप तयार करतं. म्हणजे तुझं ड्रॉइंगच, आणि त्याच्यावरून निघालेले कनेक्टरचे दोन भाग. तयार झालेल्या कोडवर पहिलीच ओळ असते, ही फाइल हाताने बदलू नका.

मी बदलली होती. फाइलमध्ये लॉट नंबर हा आकडा म्हणून लिहिला होता, आणि आकड्याच्या पुढची शून्यं कॉम्प्युटर टाकून देतो. शून्यं गेली की लॉट ओळखू येत नाही. तेव्हा घाई होती. मी तयार कोडमध्ये शून्यं राखणारी एक ओळ घातली आणि गप्प बसले. पलीकडच्या इंजिनिअरनेही त्यांच्या बाजूला तेच केलं होतं, हे मला परवा कळलं.

परवा सकाळी फाइलमध्ये एक नवी नोंद वाढवली आणि दोन्हीकडचा कोड नव्याने तयार झाला. दोघांच्याही ओळी पुसल्या गेल्या. अकरा वाजता गेटवर गाड्या अडल्या. सीट पोचल्या नाहीत तर दुपारी पलीकडची लाइन बंद पडणार होती.

आमचा सीनियर सगळ्यांना भावा म्हणतो, मलाही. तो म्हणाला, "भावा, ती जुनी ओळ परत टाक आणि विषय संपव. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणाले, "नाही."

मॅनेजरने मान वर केली. मी मीटिंगमध्ये बोलत नाही हे त्यांना माहीत आहे.

"ती ओळ माझी होती," मी म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही. चूक तिथेच झाली. नुसती आपली बाजू दुरुस्त करून उपयोग नाही, पलीकडेही शून्यं गळतायत. फाइल बदलू आणि दोन्हीकडचा कोड पुन्हा तयार करू."

"आणि ते नाही म्हणाले तर?" सीनियर म्हणाला. "गाड्या रस्त्यावर आहेत, राव!"

"मी बोलते त्यांच्याशी."

मी फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, तशी एक ओळ माझीही होती." मी इतकी मोठ्याने हसले की सगळे वळून बघायला लागले.

फाइलमध्ये एक शब्द बदलला. आकड्याच्या जागी अक्षर. टूल चालवलं, आणि मग जे झालं ते तू बघायला हवं होतंस. जिथे जिथे आम्ही लॉटला आकडा समजून बसलो होतो, ती प्रत्येक जागा लाल होऊन वर आली. काही तर आम्हाला माहीतही नव्हत्या. आमच्याकडे नऊ, त्यांच्याकडे सहा. एकेक बसवत गेलो, तिकडे तो, इकडे आम्ही. पाऊण तासात एकही लाल उरली नाही. पहिल्या गाडीची माहिती सोडली. सगळी शून्यं जागच्या जागी. गेटवरचा माणूस फोनवर म्हणाला, "घेतली बघा आत. दुसरी येऊ द्या." मागोमाग सगळ्या आत गेल्या. लाइन एक मिनिटही थांबली नाही. मला कानात टक् ऐकू आलं, खरंच.

सीनियर म्हणाला, "मानलं, भावा." मॅनेजर म्हणाले, आजपासून हाताने ओळ घालायची नाही, हा टीमचा नियम. मग त्यांनी मला विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

आई, स्वतःची चूक मी भरल्या खोलीत सांगितली होती. आवाजही कापला नव्हता. पण या प्रश्नाला मी म्हणाले, "कॉलेजात."

हा कागद कनेक्टरच्या जोडीबरोबर ड्रॉवरमध्ये ठेवते आहे. ती जोडी दहावीत असताना शाळेत हरवली असं मी तुला सांगितलं होतं. हरवली नव्हती. तू परत मागशील म्हणून लपवली होती.