वाडीच्या अलीकडचा स्टॉप

१५ सप्टेंबर १९९१, रविवार
एनएसएसचा ग्रुप लीडर झालो. सर म्हणाले, दुसरं कोणी तयार नव्हतं. सरांचा स्वभावच विनोदी.
पहिली ट्रिप करवंदवाडी. कातकऱ्यांची वस्ती, पनवेल स्टँडवरून तासभर. सोबत ग्रुपमधली मिताली. जुने कपडे वाटले. माझा टाय कोणी घेतला नाही. सोनाबाई नावाची म्हातारी म्हणाली, कापडं रगड हायेत मास्तर, गोदूचं तेवढं करा. गोदू तिची नात. शाळेत जायचं म्हणते. आश्रमशाळा अलीकडच्याच स्टॉपला आहे, पण हेडमास्तरांशी बोलणार कोण? मी म्हटलं, मी. पाच मिनिटांचं काम.
संकल्प: वर्षअखेर अख्खी वाडी साक्षर.

२९ सप्टेंबर
आश्रमशाळेला उतरणारच होतो. पण खिडकीची जागा मिळाली होती.
वाडीवर टूथब्रश वाटप. गोदूने विचारलं, शाळा कधी? म्हटलं, लवकरच.

६ ऑक्टोबर
ट्रिप रद्द. बॅनर लाल की निळा, यावर मीटिंग. निर्णय नाही. मिताली म्हणाली, तोवर हेडमास्तरांना भेटून येऊ. तिला लाँग टर्म प्लॅनिंग कळत नाही.

२० ऑक्टोबर, सकाळी
आयडिया! भव्य शिबिर, २४ नोव्हेंबर. दिवाळी आटोपलेली, लोक मोकळे. प्रमुख पाहुणे, फोटोग्राफर, पथनाट्य. मिताली म्हणाली, तारीख वाडीला विचारू या. तिला समजावलं, लाभार्थींना विचारलं की गोंधळ होतो.

२७ ऑक्टोबर
वाडीवर पथनाट्याची तालीम. मी दारूचा राक्षस. लोक थोडा वेळ बघून लाकडं आणायला गेले.
सोनाबाईने बाजूला घेतलं. म्हणाली, दिवाळी झाली का मुकादमाचा टरक येल, काळूराम पोरीला वीटभट्टीवर नेल. शाळेत घेतली तर ऱ्हाईल. तुमी बोलला व्हता ना? काळूराम म्हणजे गोदूचा बाप. मी म्हटलं, काळजी नको, हेडमास्तरांना शिबिरालाच बोलावतो, स्टेजवरच प्रवेश जाहीर करू. ती उठून लाकडं आणायला गेली. समाधान झालं असावं.

१० नोव्हेंबर
दिवाळी संपली. चकल्या जास्त झाल्या. काही करावंसं वाटत नाही. अंगाखाली सापडून हात बधिर होतो, तसं सगळंच. हेडमास्तरांकडे उद्या नक्की.

११ नोव्हेंबर
नाही.

१७ नोव्हेंबर
बॅनर आला. निळा. लाल बरा दिसला असता.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळी
शिबिर.
वाडी रिकामी. झोपड्यांच्या दारांना काटे लावलेले. सगळे भट्ट्यांवर गेलेले. सोनाबाई आणि तिची शेळी, एवढीच उपस्थिती. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. फोटो काढला: बॅनर, पाहुणे, सोनाबाई, शेळी. मिताली पाहुण्यांच्या गाडीतून निघून गेली.
सोनाबाईने सांगितलं, गोदू धुतलेला फ्रॉक घालून स्टॉपावर बसायची. मास्तर येतील म्हनायची. मंग टरक आला, बापानं उचलून आत टाकली. सोनाबाई रागावली नाही. पाणी दिलं. प्यालो. वाईट वाटायला हवं होतं. वाट बघितली, वाटलं नाही.
परतताना खिडकीची जागा होती. तरी आश्रमशाळेला उतरलो. हेडमास्तर आवारातच झाडांना पाणी घालत होते. पाच मिनिटंही लागली नाहीत. म्हणाले, जागा आहे की, केव्हाही घेऊन या पोरीला.
बरं म्हटलं.
पुढच्या बसला गर्दी. पनवेलपर्यंत उभा.